पिवळा टेप, रविवारची तारीख आणि माझे 83,200 रुपये

सरकारी अनुदानाच्या नावाखाली मी फसले. पण आधीच सांगते, मी अडाणी नाही. बी.कॉम. आहे. नागपूरच्या मानेवाड्यात आमची छोटी महिला संस्था 2012 पासून रजिस्टर्ड आहे, धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी ऑडिट जाते. सात शिलाई मशिनी, एक हॉल. तेव्हा "तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईनं असं कसं केलं?" हे विचारू नका. घरात रोज विचारून होते.

माणूस ओळखीतूनच आला. सीताबर्डीला ऑफिस, टेबलावर तिरंगा, भिंतीवर स्किल इंडियाचं पोस्टर. म्हणे केंद्राच्या कौशल्य योजनेतून संस्थेला 18 लाखांचं अनुदान, 60 मुलींचं ट्रेनिंग आणि मग बुटीबोरीच्या कारखान्यांत नोकऱ्या. योजना खऱ्या असतात, म्हणून तर माणूस फसतो.

पहिले 4,500 नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर, म्हणजे स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवर, नोंदणीचे. ही नोंदणी फुकट असते, बायांनो. एक रुपया लागत नाही. मग प्रोजेक्ट रिपोर्टचे 11,500. मग "इन्स्पेक्शन बसवायचे" 21,000. दोन साहेब आले, पिवळा टेप काढून हॉल मोजला, खिडक्या मोजल्या, बाथरूमचं दारसुद्धा मोजलं. एकेका मशिनीजवळ मला उभं करून फोटो काढले. मी तर्री पोहे केले होते. एकानं दुसऱ्यांदा तर्री मागून घेतली. पैशाचं दुःख आहेच, पण त्या तर्रीचा राग आठवला की अजून झोप येत नाही.

आठ दिवसांनी मंजुरीपत्र. अशोकस्तंभ, गोल शिक्का, जावक क्रमांक. तारीख 15 जून 2025. तो रविवार होता. सरकारी ऑफिस रविवारी मंजुरी देते का? वर "कौशल्य" ऐवजी "कोशल्य" छापलेलं. मी ते वाचलं आणि मनात म्हटलं, टायपिस्टची चूक असेल. आमच्या संस्थेच्या पावतीपुस्तकातली वेलांटी चुकली तर मी अख्खा गठ्ठा परत पाठवते. इथं मात्र 18 लाखांच्या आकड्यापुढं दुसरं काही दिसलंच नाही.

आणि थांबायची खरी वेळ तर ती होती, मंगळवारी दुपारची. 2 टक्के सुरक्षा ठेव, 36,000. क्यूआर स्कॅन केला आणि फोनवर नाव आलं एका मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानाचं. माझा अंगठा थांबला. खरंच थांबला. फोन करून विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, सरकारी खात्याला यूपीआय नसते ना, हे आमच्या सीएचं आहे. आजच्या आज नाही गेले तर फाईल अमरावतीच्या संस्थेला जाते." अमरावतीचं नाव काढलं आणि मी पिन टाकला. काऊन टाकला, बाप्पा, काऊन? शेजारी नवरा बसला होता, त्याला दाखवलं असतं तरी चाललं असतं. पण त्यानं "राहू दे" म्हटलं असतं, म्हणूनच नाही दाखवलं.

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पैसा असा आधी हातात येत नाही, हे मला नंतर कळलं. आधी ट्रेनिंग सेंटरची पोर्टलवर मान्यता, मग बायोमेट्रिक हजेरी, परीक्षा, आणि त्याप्रमाणे हप्ते. आणि शिकणाऱ्या मुलींकडून फी घ्यायचीच नसते. मी मात्र त्याच्या सांगण्यावरून 34 मुलींकडून 300 प्रमाणे 10,200 गोळा करून दिले होते. ते मी माझी एफडी मोडून परत केले. एका मुलीची आई नोटा माझ्यासमोर दोनदा मोजून गेली. बरोबरच केलं तिनं.

आता तक्रारीचं ऐका. ठाण्यात गेले, तर "ऑनलाइन दिले ना, सायबरला जा." सायबरवाले म्हणे, माणूस तुम्हाला समोरासमोर भेटला, हा साधा फसवणुकीचा गुन्हा, ठाण्यात जा. परत ठाण्यात, तर तुमचं घर आमच्या हद्दीत, त्याचं ऑफिस दुसऱ्या हद्दीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावीच लागते. हे मी वाचून, प्रिंट काढून नेलं, तर साहेब हसले. "मॅडम, तुम्ही स्वतःहून दिले ना?" चोराला पोहे पण स्वतःहूनच दिले, त्याचंही लिहून घ्या म्हटलं. कौशल्य विभागात गेले, तर ते पत्र उलटसुलट बघून म्हणाले, हे आमचं नाही. नाही, तर तुमच्या नावाचा शिक्का मारणाऱ्यावर तुम्ही तक्रार करा ना! "तसा वरून आदेश पाहिजे." सहा चकरा, ऑटोचे पैसे वेगळे, हातात फक्त अर्जाची पोचपावती.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला मी नवव्या दिवशी फोन केला. तोवर खातं रिकामं. तुम्ही त्याच तासात करा, रडणं नंतर.

त्यानं मला ब्लॉक केलं, नवऱ्याला विसरला. परवा नवऱ्याच्या फोनवर त्याचं स्टेटस दिसलं: कुणाचा तरी हॉल, निळे पडदे, मागं पाच मशिनी, आणि जमिनीवर तोच पिवळा टेप. खिडकीतून हिंगण्याकडचे कारखाने वाटतात. तो हॉल तुमचा असेल तर अजून ठेव भरू नका, आधी मला फोन करा.