फोर्स अर्बानिया: मागच्या सीटवरून रिव्ह्यू

लग्नासाठी पुण्याहून कोकणात जायला भाड्याने अर्बानिया ही फोर्सची मोठी व्हॅन घेतली होती, आणि फोर्सच्याच जुन्या ट्रॅव्हलर व्हॅनमध्ये बसून कंबरडं मोडून घेतलेल्यांना फरक ताम्हिणी घाटातच कळतो, खड्ड्यात गाडी गेली तरी मागचा माणूस टणाटण उडत नाही, पुढचं सस्पेन्शन इंडिपेन्डंट (प्रत्येक चाक स्वतंत्र वर-खाली होतं) आणि बॉडी मोनोकॉक (बॉडी आणि सांगाडा एकसंध) आहे त्याचाच परिणाम. चारही चाकांना डिस्क ब्रेक, त्यामुळे उतारावर काकूंचा रामरक्षेचा जप पण जरा कमी झाला 😄 प्रत्येक सीटला एसीचा वेगळा झोत आहे, फक्त माझा बंदच होईना, पण तो ट्रॅव्हल्सवाल्याचा आळस, गाडीला का बोल लावा. इंजिन 2.6 लिटर डिझेल, चढावर दमलं नाही. 17 सीटर पूर्ण भरणार असाल तर बॅगा मोजक्याच घ्या, नाहीतर सरळ 13 सीटर मागा.