‘सर्व सोयींनी सज्ज’ ग्रामीण भूखंड: घेण्याआधी काय तपासावं

ग्रामीण भागात उद्योग यावेत म्हणून वीज, पाणी, सांडपाणी वाहिनी आणि फायबर आधीच पोहोचवलेले भूखंड दिले जातात. सोय खरोखर चांगली आहे, कारखाना सुरू होण्याआधीचे कित्येक महिने वाचतात. पण माहितीपत्रकात ‘उपलब्ध’ लिहिलेलं असतं, किती ते नसतं. खरी परीक्षा तिथेच आहे.

विजेचंच घ्या. १००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर पूर्ण भाराला ११ केव्हीवर सुमारे ५२ अँपिअर घेतो, ३३ केव्हीवर जेमतेम साडेसतरा. उपकेंद्र लांब आणि लाइन ११ केव्हीची असेल, तर या जास्त करंटमुळे शेवटच्या टोकाला व्होल्टेज पडतं. ते १० टक्के पडलं की इंडक्शन मोटरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) १९ टक्क्यांनी घटतो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. भरलेला कन्व्हेयर मग जागचा हलत नाही, मोटर करंट ओढत राहते आणि तिला वाचवणारा रिले ट्रिप होतो. लोक मोटर बदलतात, दोष लाइनमध्ये असतो. फीडर (उपकेंद्रातून निघणारी वीजवाहिनी) स्वतंत्र आहे की शेतीपंपांसोबतचा, हे सिंगल लाइन डायग्रामवर, म्हणजे वीजजोडणीच्या आराखड्यावर पाहा आणि वर्षभराच्या ट्रिपिंगच्या नोंदी मागा. रिंग मेन युनिट (दोन बाजूंनी वीज घेता येणारी स्विचपेटी) दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. दोन्ही केबल एकाच फीडरवरच्या असतील, तर फीडर गेल्यावर दोन्ही जातात.

पाण्याच्या पाइपचा व्यास विचारा. सेकंदाला दीड मीटर वेगाने १५० मिमी पाइप तासाला सुमारे ९५ घनमीटर देतो, १०० मिमीचा ४२. आगीच्या वेळी हा फरक जाणवतो. दाब मोजताना शेजारचा हायड्रंट (आग विझवण्याचा नळ) पूर्ण उघडा ठेवून मोजावा, बंद नळावरचा आकडा फसवा असतो. बॉयलर असेल तर कठीणपणा, सिलिका आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) उन्हाळ्याच्या शेवटी तपासून घ्या.

सर्वांत कच्चा दुवा सांडपाण्याचा, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं. गावाचा प्रक्रिया प्रकल्प माणशी दिवसाला साधारण ६० ग्रॅम बीओडी (सांडपाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) धरून आखता येतो. दूध प्रक्रियेचा एखादा कारखाना रोज १०० घनमीटर सांडपाणी सोडतो आणि त्याचा बीओडी लिटरला २००० मिलिग्रॅम आहे, असं धरा. म्हणजे दिवसाला २०० किलो, सुमारे ३३०० माणसांइतका भार. पाच हजार वस्तीच्या प्रकल्पाची दोन तृतीयांश क्षमता एकाच गेटातून संपली! त्यात टाक्या धुण्याचं कॉस्टिक आणि आम्ल आळीपाळीने येतं, पीएच काही मिनिटांत उसळतो आणि एरेशन टाकीतले (हवा सोडून सांडपाणी शुद्ध करतात त्या टाकीतले) जिवाणू मरतात. हवा सोडणारे ब्लोअर वाढवून हे सुटत नाही. ढवळणी असलेली समीकरण टाकी (वेगवेगळं सांडपाणी साठवून एकसारखं करणारी) कारखान्याच्या आवारातच लागते, साधारण एका पाळीचं पाणी मावेल एवढी तरी. परवानगीत घनमीटरसोबत बीओडीचे किलोही लिहून घ्या.

फायबरबाबत एवढंच: दोन कंपन्यांच्या केबल एकाच चरात असतील, तर जेसीबीचा एक घाव दोन्ही तोडतो.

स्वतंत्र ३३ केव्ही फीडर आणि बीओडीची राखीव क्षमता करारात असेल, तर अशा भूखंडाला जास्त किंमत मोजणं योग्यच. नुसते खांब, नळ आणि दिवे असतील, तर उपकेंद्राजवळची मोकळी जमीन बरी. करारात क्षमता ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ अशी असेल, तर आज दिसणारी वीज आणि पाणी शेजारचा भूखंड भरेपर्यंतच तुमचं आहे. तेवढं कलम बदलून घेतल्याशिवाय सही करू नये.