सायक्लोनला २ स्टार दिले होते, दोष झाकणाचा निघाला : ११ महिन्यांचा अनुभव

फेब्रुवारीतली दुपार. सागवानी पोळपाटाला सँडर, म्हणजे घासून गुळगुळीत करायचं मशीन, लावला होता. अचानक जळक्या वार्निशसारखा वास आला आणि त्याला जोडलेला व्हॅक्यूम क्लीनर बंद पडला. घेऊन जेमतेम ४ महिने झाले होते, म्हणून वॉरंटीच्या भरवशावर सर्व्हिस सेंटर गाठलं. तिथल्या मुलाने काउंटरवरच मशीन उघडलं. मोटरच्या जाळीत, कार्बन ब्रशच्या भोवती, सगळीकडे पिठासारखी पिवळट भुकटी बसलेली. "मॅडम, हे घरगुती मशीन आहे, यात लाकडाचा भुसा ओढलाय, वॉरंटी बसत नाही." मी अर्धा तास भांडले. मोटर बदलायला १,९५० रुपये मोजले, वर फिल्टरचे ६५० वेगळे. पैसे तर गेलेच, पण माझा खरा संताप दुसऱ्याच गोष्टीवर होता. व्हॅक्यूमपर्यंत भुसा पोचूच नये म्हणून मी १,४०० रुपयांचा प्लॅस्टिकचा सायक्लोन, म्हणजे हवा गोल फिरवून भुसा आधीच बादलीत पाडणारा शंकू, मध्ये बसवला होता. मग ही भुकटी आली कुठून? त्याच रात्री मी त्याला २ स्टार देऊन चार कडक ओळी लिहिल्या. आज त्या मागे घेते आहे.

नाशिकला आमच्या रो-हाउसच्या गॅरेजमध्ये माझं काम चालतं. पोळपाट, पाट, चौरंग, गणपतीच्या आधी मखरं. लहान टेबल सॉ (टेबलात बसवलेली करवत), राउटर (लाकडाला खाचा आणि कडा पाडणारं मशीन) आणि ऑर्बिटल सँडर एवढीच मशिनं. सायक्लोन रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादलीच्या झाकणावर बसवलेला. पहिले दोन महिने मी खूश होते. राउटरचा आणि करवतीचा जाड भुसा सगळा बादलीत उतरायचा, फिल्टर झटकला की काम भागायचं. डिसेंबरात पोळपाटांची मोठी ऑर्डर आली, सँडर दिवसाला तीन-चार तास चालू लागला आणि चित्र बदललं. दर दोन दिवसांनी फिल्टर गच्च. फिल्टर तुंबला की हवा कमी ओढली जाते, आणि माझ्या मशीनची मोटर त्याच हवेवर थंड होते. मोटर जळायचं कारण तिथेच होतं.

मला वाटलं, सायक्लोनच बोगस. म्हणून मार्चमध्ये स्वतः सेपरेटर बनवायला घेतला, फिल थीन या अमेरिकन माणसाच्या पद्धतीचा. डब्यात आडवी प्लायची चकती, तिच्या कडेला साधारण २४० अंशांची, सव्वा इंचाहून थोडी कमी रुंद अशी फट. हवा गोल फिरते, भुसा फटीतून खाली पडतो. १२ मिमी प्लाय आणि दोन रविवार गेले. जाड भुशाला छान आहे, उंचीही कमी लागते. पण सँडरची भुकटी सायक्लोनपेक्षाही जास्त पुढे निसटली. तो आता टेबल सॉखाली आहे, तिथे त्याची तक्रार नाही.

खरं कारण सापडलं ते आमच्या जुन्या मिस्त्रींमुळे. फळ्या द्यायला आले होते. मी रडगाणं सांगितलं, तर त्यांनी देवघरातली उदबत्ती मागितली, व्हॅक्यूम चालू करायला लावला आणि पेटती उदबत्ती बादलीच्या झाकणाभोवती सावकाश फिरवली. तीन ठिकाणी धुराची रेघ एकदम वळली आणि झाकणाच्या कडेतून सुळकन आत गेली. चौथी जागा सायक्लोनच्या नटबोल्टपाशी. "ताई, बादली गळतीय. हवा इथनं आत शिरतीय आन् खाली बसलेला भुसा घिऊन वर चाललीय."

या एका वाक्यात सगळं आलं. सायक्लोनमध्ये हवा भिंतीलगत भोवऱ्यासारखी खाली उतरते, जड कण भिंतीला घासत बादलीत पडतात, आणि हवा मधल्या नळीतून वर व्हॅक्यूमकडे जाते. मधोमध दाब सगळ्यात कमी. बादलीत कुठूनही हवा शिरली की ती थेट त्या मधल्या भोवऱ्यातून वर चढते आणि बारीक भुकटी सोबत उचलते. जाड भुसा वजनामुळे खाली राहतो, म्हणून राउटर चालवताना हा दोष कळतच नाही. सँडर लावला की उघडा पडतो. बादली गळ्यापर्यंत भरली तरी हेच होतं, कारण भोवऱ्याचं टोक शंकूच्या खालीही पोचतं. मी आता दोन तृतीयांश भरली की रिकामी करते.

रंगाच्या बादलीचं झाकण एकदाच उघडायला बनवलेलं असतं. आठवड्यातून चारदा उचकटलं की त्याची कड लाटेसारखी वाकडी होते. मी आधी दाराला लावतात ती फोमची पट्टी चिकटवली. महिन्याभरात ती दबून कागदासारखी झाली, वर भुकटीचा थर बसला. मग पंक्चरवाल्याकडून सायकलची टाकाऊ ट्यूब आणली, लांबीला चिरली आणि बादलीच्या काठावर किनारीसारखी चढवली. जोड पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवला. झाकणाच्या आत १२ मिमी प्लायची चकती, नटबोल्टभोवती सिलिकॉन, आणि झाकण दाबून धरायला पत्र्याच्या ट्रंकेला असतात तशा तीन कड्या. ट्यूब फुकट, कड्या ९० रुपयांच्या, सिलिकॉन घरात होतं.

फरक डोळ्यांनी दिसत होता, पण मला आकडा हवा होता. आधीच मोजून ठेवलं होतं: १ किलो सँडरची भुकटी ओढली तर स्वयंपाकघराच्या काट्यावर ८४ ग्रॅम व्हॅक्यूममध्ये सापडली. ट्यूब बसवल्यावर तीच चाचणी केली, ९ ग्रॅम. सायक्लोन तोच, व्हॅक्यूम तोच, बादलीही तीच. ऑगस्टमध्ये २२ चौरंग केले, फिल्टर एकदाच झटकला. पावसाळ्यात दमट भुकटीचे गोळे पाईपच्या वळणावर अडकतात, तेवढं दर रविवारी बघावं लागतं.

बादली हवाबंद केल्यावर एक नवा त्रास मात्र झाला, आणि तो लपवणं बरोबर नाही. एकदा पाईपच्या तोंडाशी पुसायचं फडकं अडकलं आणि बादली धप्पकन आत चेपली, कड्यांसकट. हिशेब केला तेव्हा अंगावर काटा आला. मशीनवर ओढीचा जोर, म्हणजे दाबातला फरक, १७ किलोपास्कल लिहिलाय. ३० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर एवढ्या फरकाने जवळजवळ १२० किलोचा भार येतो. आधी झाकण गळत होतं म्हणून बादली वाचत होती. आता एकात एक दोन बादल्या आणि आतून प्लायचं कडं बसवलंय. पाईप तुंबल्याचा आवाज आला की आधी बटण बंद, मग बाकी.

थंडीत पाईपला हात लावला की स्थिर विजेचा चटका बसायचा. पाईपभोवती उघडी तांब्याची तार गुंडाळून तिला अर्थिंग दिलं, थांबला.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण मलाही ती उशिरा कळली. सायक्लोन फुफ्फुसाचं रक्षण करत नाही, तो फिल्टरचं आणि मोटरचं करतो. अगदी बारीक कण त्यातूनही निसटतात आणि तासन्‌तास हवेत तरंगतात. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था लाकडाच्या भुकटीला पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गटात धरते. नाकाचा आणि सायनसचा. त्यामुळे मोटर बदलताना मी हेपा फिल्टर घेतला, जो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, आणि सँडर हातात असेपर्यंत एन९५ मास्क काढत नाही. हेपा महाग असतो. झाकणातून भुकटी निसटत असती तर तोही दर महिन्याला बदलावा लागला असता, म्हणून त्या सायकलच्या ट्यूबवर माझा एवढा जीव.

सायक्लोनचे २ स्टार मी ४ केले. पाचवा राखून ठेवलाय, कारण पाकिटात चार बोल्ट देणाऱ्याने एक रबरी रिंग दिली असती आणि "बादली हवाबंद करा" एवढं एक वाक्य छापलं असतं, तर माझी मोटर वाचली असती. उद्या मिस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये दुसरी बादली बसवायची आहे. ट्यूब चिरून ठेवलीय, उदबत्तीचा पुडाही पिशवीत टाकलाय.