फाशांवर पुन्हा खेळलेला नेब्रास्का: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरपासून या जूनअखेरपर्यंत, म्हणजे सलग नऊ महिने, मी महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलचे जुने सामने पुन्हा खेळता येतील असा एक बैठा खेळ वापरते आहे. त्यात फासे आहेत, जुन्या हंगामांतील संघांचे पत्ते आहेत आणि प्रत्येक चालीचा निकाल वाचण्यासाठी तक्ते आहेत. या पद्धतीचे एकाहून अधिक खेळ बाजारात मिळतात आणि मला जे सांगायचे आहे ते पद्धतीविषयी आहे, म्हणून उत्पादकाचे नाव देत नाही.

मी २००७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील लिंकनला शिकायला आले आणि तेथील नेब्रास्का विद्यापीठाच्या संघाच्या नादी लागले. तो हंगाम ५ विजय आणि ७ पराभव असा गेला. त्यात कॅन्ससने आमच्यावर ७६ गुण चढवले. तरीही मेमोरियल स्टेडियम दर शनिवारी भरलेले असे, कारण १९६२ पासून तेथील प्रत्येक सामन्याची तिकिटे संपत आली आहेत. मला तेव्हा जे सहकारी आणि शेजारी भेटले ते चालू हंगामाबद्दल थोडे आणि जुन्या हंगामांबद्दल पुष्कळ बोलत. ज्या संघाने १९९३ ते १९९७ या पाच वर्षांत ६० सामने जिंकून केवळ ३ गमावले, त्याच्या चाहत्यांचे मन मागे वळणारच. पण गंमत अशी की ते जिंकलेल्या ६० सामन्यांपेक्षा हरलेल्या तीन सामन्यांकडे आणि त्याही आधीच्या एका रात्रीकडे अधिक वळते. या जर-तरच्या वादांत मी अठरा वर्षे ऐकणारी होते. हा खेळ घेतला तो त्या वादांना काही आधार मिळावा म्हणून.

खेळण्याची रीत सोपी आहे. आक्रमण करणारा गुपचूप चाल निवडतो, म्हणजे मधून धाव, बाजूने धाव, जवळचा पास किंवा लांबचा पास; बचाव करणारा तसाच आपला व्यूह निवडतो; मग फासे टाकून त्या खेळाडूच्या पत्त्यावरील ओळ आणि तक्त्यातील रकाना जुळवायचा. घड्याळासाठी पट्टी आहे. पूर्ण सामन्याला सरावानंतर दोन तास लागतात. खेळाचा खरा उपयोग मात्र पूर्ण सामन्यांत नाही, तर हव्या त्या क्षणापासून सुरुवात करता येण्यात आहे, आणि आम्ही तो बहुतांशी तसाच वापरला. आम्ही म्हणजे मी, माझे पती आणि ओमाहातील एक निवृत्त सहकारी व त्यांच्या पत्नी. ते दोघेही याच राज्यात वाढले.

पहिला सामना कोणता घ्यायचा याविषयी चर्चा करावी लागली नाही. २ जानेवारी १९८४, मायामी, हंगामाअखेरचा ऑरेंज बोल सामना. नेब्रास्काने त्या हंगामातील १२ ही सामने जिंकले होते आणि त्यांत ६२४ गुण केले होते, म्हणजे सामन्यामागे ५२. समोर मायामी विद्यापीठ, आणि मैदानही त्यांच्याच घरचे. मायामीने १७-० अशी आघाडी घेतली, नेब्रास्काने १७-१७ अशी बरोबरी केली, पुन्हा ३१-१७ अशी पिछाडी झाली, आणि अखेर ४८ सेकंद राहिले असताना चौथ्या डाऊनवर (चेंडू राखण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी शेवटच्या) जेफ स्मिथने २४ यार्ड धावून टचडाऊन केला, म्हणजे चेंडू मायामीच्या शेवटच्या रेषेपार नेऊन सहा गुण मिळवले, आणि ३१-३० झाले. टचडाऊननंतर मिळणाऱ्या जादा संधीत एका गुणाची साधी किक मारली असती तर ३१-३१ अशी बरोबरी झाली असती. दुसऱ्या क्रमांकाचा टेक्सास संघ त्याच दिवशी जॉर्जियाकडून १०-९ असा हरला होता, त्यामुळे बरोबरीनंतरही राष्ट्रीय विजेतेपद, जे तेव्हा मतदानाने ठरे, नेब्रास्कालाच मिळण्याची दाट शक्यता होती. प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न यांनी किकऐवजी चेंडू पुन्हा रेषेपार नेण्याचा, दोन गुणांचा प्रयत्न केला, नेब्रास्काच्या टर्नर गिलचा पास मायामीच्या केन कॅल्हूनच्या हाताला लागून उडाला आणि विजेतेपद मायामीकडे गेले.

ही एक चाल आम्ही वीस वेळा टाकली. आठ वेळा ती यशस्वी झाली. वीस ही संख्या काही सिद्ध करण्यासाठी पुरेशी नाही हे मला माहीत आहे, पण दोन गुणांचे प्रयत्न निम्म्याहून थोडे कमी वेळा साधतात या सर्वसाधारण अनुभवाशी ती जुळणारी आहे. खरी मोलाची गोष्ट पुढे घडली. ज्या आठ वेळा आमचे ३२ गुण झाले, त्या प्रत्येक वेळी पट्टीवरचे ४८ सेकंद तसेच उरलेले होते, आणि मायामीच्या बाजूने खेळणारे माझे पती चेंडू मागू लागले. आठांपैकी दोन वेळा त्यांनी बर्नी कोझारच्या पासांवर मैदान ओलांडून फील्ड गोल (खांबांमधून मारलेली तीन गुणांची किक) मारला आणि सामना जिंकला. इतक्या वर्षांत मी ऐकलेल्या एकाही वादात या ४८ सेकंदांचा उल्लेख झालेला नव्हता. सगळ्यांच्या आठवणीत तो सामना कॅल्हूनच्या हातापाशी थांबतो, म्हणून पास पूर्ण झाला असता तर तो तेथेच जिंकून थांबला असता असे आम्ही सगळे गृहीत धरत होतो.

बरोबरीच्या पर्यायालाही हेच लागू होते. ३१-३१ असताना मायामीला बरोबरी नको होती. तिने त्यांच्या हाती काहीच लागणार नव्हते, त्यामुळे ते धोका पत्करून पुढे आले असते. आम्ही ते दहा वेळा खेळलो. त्यांना एकदा फील्ड गोल मिळाला आणि एकदा त्यांचाच पास आमच्या हाती आला. म्हणजे ऑस्बोर्न यांच्यापुढचा निर्णय ‘नक्की बरोबरी की अनिश्चित विजय’ असा नव्हताच, दोन्ही बाजू अनिश्चित होत्या. हे कळल्यानंतर त्यांच्या निर्णयाविषयीचा माझा आदर वाढला, कारण पूर्वी मला त्यात केवळ बाणेदारपणा दिसत असे आणि आता हिशेबही दिसतो. सहकाऱ्यांच्या पत्नींना हे पटले नाही. त्या आजही किकच निवडतात, आणि मतदारांनी १२ विजय व एका बरोबरीच्या संघाला नाकारले नसते हे त्यांचे म्हणणे खोडून काढणे मला जमलेले नाही.

येथेच खेळाचा सर्वांत मोठा दोष समोर आला. पत्ते हंगामभराच्या सरासरीवर बेतलेले आहेत. १९८३ चा नेब्रास्का हा सरासरीत महाभयंकर संघ दिसतो, पण त्या सरासरीत मिनेसोटाविरुद्धचा ८४-१३ यासारखे सामनेही आहेत. उलट मायामीने हंगामाचा पहिलाच सामना फ्लोरिडाकडून २८-३ असा गमावला होता, आणि कोझार तेव्हा नवखा होता. जानेवारीतला कोझार सप्टेंबरातल्या कोझारपेक्षा पुष्कळ पुढे गेलेला होता. पत्त्याला हा फरक कळत नाही. त्यामुळे पूर्ण सामना सुरुवातीपासून खेळला की नेब्रास्का बहुतेक वेळा सहज जिंकतो, आणि भोळा चाहता म्हणेल की पाहा, आम्हीच श्रेष्ठ होतो. आम्ही चार सामन्यांनंतर हा मोह सोडला आणि पासांच्या तक्त्यात मायामीला एक रकाना वरचढ देऊन खेळू लागलो. ही दुरुस्ती आमची आहे, खेळासोबतच्या पुस्तिकेत ती नाही.

नेब्रास्काच्या माइक रोझियरच्या दुखापतीचा प्रश्नही असाच. त्या वर्षीचा हाइजमन, म्हणजे सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा पुरस्कार मिळवणारा आणि हंगामात २,१४८ यार्ड धावणारा हा गडी त्या रात्री १४७ यार्ड धावून तिसऱ्या सत्रात घोट्याच्या दुखापतीने बाहेर गेला. दुखापतीचा फासा खेळात आहे, पण तो न टाकता १७-१७ पासून रोझियर शेवटपर्यंत धडधाकट आहे असे मानून आम्ही दहा डाव खेळलो. नेब्रास्का सहा वेळा जिंकला. माझ्या मते त्या सामन्यातला सर्वांत वजनदार ‘जर’ हाच आहे, दोन गुणांच्या चालीपेक्षाही वजनदार, आणि तो चर्चेत क्वचितच येतो, कारण दुखापतीत कोणाचा निर्णय नसतो आणि ज्यात निर्णय नाही त्यावर वाद घालायला माणसांना फारसे आवडत नाही.

पंचांच्या निर्णयांवरच्या प्रश्नांत हा खेळ फारसा कामाचा नाही. २५ सप्टेंबर १९८२ रोजी पेन स्टेटविरुद्ध नेब्रास्का २४-२१ असा पुढे असताना, शेवटच्या काही सेकंदांत त्यांच्या माइक मॅक्लॉस्कीने २ यार्डांच्या रेषेपाशी घेतलेला झेल मैदानाबाहेरचा होता, पण तो ग्राह्य धरला गेला. सामना २७-२४ असा गेला आणि पेन स्टेट त्या वर्षी राष्ट्रीय विजेते झाले. तसेच ५ डिसेंबर २००९ चे. टेक्सासविरुद्ध घड्याळ शून्यावर पोहोचले होते, पुनर्विलोकनानंतर एक सेकंद परत दिला गेला आणि त्यांच्या हंटर लॉरेन्सने ४६ यार्डांवरून किक मारून १३-१२ असा सामना घेतला. तो सामना मी स्वतः लिंकनमधील भाड्याच्या घरात पाच मैत्रिणींसोबत पाहिला आहे, आणि आमच्या एन्डामुकाँग सू याने त्या रात्री केलेली साडेचार सॅक (पास टाकण्याआधीच प्रतिस्पर्ध्याला पाडणे) डोळ्यांपुढून जात नाहीत. किक लागेल की नाही हे फासे सांगतात, ते सेकंद द्यायला हवे होते की नाही हे सांगत नाहीत. मात्र तो सामना चौथ्या सत्रापासून तीन-चारदा खेळल्यावर एक गोष्ट मान्य करावी लागली. संपूर्ण सामन्यात अवघे १०६ यार्ड मिळवलेल्या आक्रमणाला घड्याळ संपवण्यासाठी एखादा पहिला डाऊन (चेंडू राखता येईल इतकी, दहा यार्डांची मजल) मिळवता आला असता, तर त्या सेकंदाची वेळच आली नसती.

आम्हा चौघांना सर्वांत अवघड गेला तो १९९७ चा मिसूरीविरुद्धचा सामना, कारण त्यात जर-तरची सुरी आमच्याच बाजूने वळते. ८ नोव्हेंबर, शेवटचे ७ सेकंद, नेब्रास्का ३८-३१ असा मागे. स्कॉट फ्रॉस्टचा पास शेविन विगिन्सच्या हातून निसटला, त्याचा पाय लागून चेंडू वर उडाला आणि मॅट डेव्हिसनने झेपावून तो एंड झोनमध्ये (शेवटच्या रेषेपलीकडच्या पट्ट्यात) झेलला. जादा वेळेत सामना ४५-३८ असा जिंकला, प्रशिक्षकांच्या मतदानात विजेतेपद मिळाले आणि ऑस्बोर्न अपराजित हंगामानिशी निवृत्त झाले. पत्रकारांच्या मतदानात मिशिगन विजेते ठरले. खेळाच्या तक्त्यात अशी चाल नाही, असूही शकत नाही. तेथे पास पूर्ण किंवा अपूर्ण एवढेच. बारा यार्डांवरून शेवटची चाल आम्ही दहा वेळा टाकली आणि तीन वेळा टचडाऊन झाला. सहकारी त्या संध्याकाळी फारसे बोलले नाहीत. पण त्यानंतर आमच्यात एक नियम ठरला, आणि तो त्यांनीच सुचवला: आपल्याविरुद्ध गेलेला एक क्षण खेळायचा असेल, तर आपल्या पदरात पडलेला एक क्षणही त्याच दिवशी खेळायचा. या नियमाने वादांचा सूर किती बदलला हे शब्दांत सांगणे कठीण आहे.

वस्तूच्या दर्जाविषयी थोडक्यात सांगते. पत्ते जाड आहेत आणि नऊ महिन्यांत त्यांचे कोपरे टिकले. तक्त्यांची अक्षरे फार बारीक आहेत. मी ती दीडपट मोठी छापून घेतली. एका हंगामाच्या संचात किक मारणाऱ्याचा पत्ता आलाच नव्हता, आणि तो मिळेपर्यंत सहा आठवडे गेले. हंगामांचे संच वेगवेगळे विकत घ्यावे लागतात, त्यामुळे आवडता संघ आणि त्याचे प्रतिस्पर्धी दोन्ही त्या संचात आहेत ना, हे घेण्यापूर्वी तपासावे.

ज्यांना सामन्याबाहेरच्या प्रश्नांची उत्तरे हवी आहेत त्यांनी मात्र हा खेळ घेऊ नये. २००३ मध्ये ९ विजय मिळवूनही प्रशिक्षक फ्रँक सोलिच यांना काढले नसते तर काय झाले असते, हा नेब्रास्कात मी सर्वाधिक ऐकलेला प्रश्न आहे. पुढच्याच वर्षी बिल कॅलहन यांच्या हाताखाली ५ विजय आणि ६ पराभव झाले, विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला १९६१ नंतरचा तो पहिला हंगाम, आणि म्हणून तो प्रश्न कायम भळभळता राहिला. पण येथे बदलतो तो खेळाडूंचा ओघ, आक्रमणाची पद्धत, शाळाशाळांतून मुले निवडणाऱ्यांची नाती. यांतले काहीच पत्त्यावर छापलेले नाही. आम्ही २००३ चा संघ घेऊन २००४ चे वेळापत्रक खेळून पाहिले आणि तिसऱ्या सामन्यात थांबलो, कारण पदवी घेऊन गेलेली मुले आम्ही पुन्हा मैदानात उतरवत होतो.

सध्या टेबलावर १ जानेवारी १९९४ चा ऑरेंज बोल मांडलेला आहे. फ्लोरिडा स्टेटने तो १८-१६ असा जिंकला होता आणि नेब्रास्काच्या बायरन बेनेटची ४५ यार्डांवरची शेवटची किक डावीकडून बाहेर गेली होती. मला त्या किकपासून सुरुवात करायची आहे. सहकाऱ्यांना मात्र पहिल्या सत्रापासून, आमच्या कोरी डिक्सनने पंट (प्रतिस्पर्ध्याने लांब मारून सोडलेला चेंडू) परतवून केलेला आणि दंडामुळे रद्द झालेला टचडाऊन ग्राह्य धरून संपूर्ण सामना खेळायचा आहे, आणि नियमाप्रमाणे त्यासोबत मिसूरीच्या सामन्यासारखा, आपल्या पदरात पडलेला कोणता क्षण खेळायचा हे अजून ठरायचे आहे.