मध्य रेल्वेच्या लेटरहेडवर ब्रागांझा घाट

एकूण २६,८४० रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, नाहीतर लाजेपोटी माणूस 'गेले थोडेफार' म्हणून वेळ मारून नेतो. मी पण वर्षभर तेच केलं.

मी डोंबिवलीत राहतो, एका खासगी कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहे. दिवसभर लोकांची व्हाउचरं तपासणं हेच काम. टॅक्सीच्या बिलात तीनचा आठ केलेला मला लांबून दिसतो. ऑफिसात माझ्या नावानं शिव्या घालणारे भरपूर आहेत. एवढं सांगून पुढचं वाचा.

छंद म्हणाल तर घाट चढणाऱ्या मालगाड्यांचं शूटिंग. रविवारी पहाटेची लोकल धरून कसारा गाठायचं, नाहीतर कर्जत, पळसदरी. सोबत कॅमेरा, ट्रायपॉड, दुधाच्या पिशव्या कापून केलेला कॅमेऱ्याचा रेनकोट आणि माइकवरचं ते केसाळ टोपरं, ज्याला आमच्या घरी 'मामाचं मांजर' म्हणतात. ज्याला ही खाज नाही त्याला यातलं सुख समजावणं अवघड आहे, पण मी फसलो तो याच सुखापायी, म्हणून थोडं सांगतो.

आपल्याकडचे थळ (कसाऱ्याचा), बोर (कर्जतचा) आणि तिकडचा ब्रागांझा, म्हणजे गोवा-कर्नाटक हद्दीवरचा दूधसागराचा घाट, तिन्हींचा चढ १ : ३७. म्हणजे दर ३७ मीटरला एक मीटर वर. आपण पायी चाललो तर फारसा दमही लागणार नाही. मालगाडीचा मात्र जीव निघतो. लोखंडावर लोखंड, त्यात पावसानं भिजलेला रूळ. चाकं जागच्या जागी फिरायला लागतात, मग चाकांखाली वाळू सोडावी लागते. बरं, सगळी इंजिनं पुढं जोडून ओढायचं म्हटलं तर कपलिंगवर इतका ताण येतो की ती तुटायची भीती. म्हणून मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. शूटिंगची खरी मजा त्या बँकरमध्ये आहे. आधी पुढची इंजिनं येतात, कानठळ्या बसतात, ती वळणाआड जातात. मग वाघिणी, म्हणजे मालडबे. एकामागून एक, सावकाश, कुरकुरत, इतक्या सावकाश की नंबर वाचत बसावं. आवाज विरत जातो. आणि मग दरीच्या खालच्या अंगानं तो परत चढायला लागतो, ढकलणाऱ्यांचा. शेवटची वाघीण पुढून जाते आणि तिच्या पाठीला डोकं लावून बँकर. माझ्या अंगावर आजही काटा येतो.

थळ आणि बोर घाटात ही मजा विजेच्या इंजिनांची. हे दोन्ही घाट १९३० च्या सुमारासच विजेवर गेले. डिझेलचा खरा धुमाकूळ ऐकायचा तर तेव्हा कुळे ते कॅसल रॉक, दूधसागराचा घाट. मुरगाव बंदरातला कोळसा घेऊन वर जाणारी गाडी, पुढं दोन आणि मागं तीन डब्ल्यूडीजी-४. एकेक इंजिन चार हजार अश्वशक्तीचं. पाचही एकदम जोर लावतात, वरून गोव्याचा आषाढ कोसळतोय. मी हे दुसऱ्यांच्या व्हिडिओत शेकडो वेळा पाहिलं होतं, स्वतः कधी टिपलं नव्हतं. कारण साधं. चांगल्या जागा रुळांच्या कडेला, आणि रुळांवरून चालत जाणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घरचा एकुलता कमावता माणूस हे करत नाही.

मे २०२२ मध्ये आमच्या रेल्वेवेड्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो आला. नाव लिहीत नाही, खरं नव्हतंच. पहिले तीन आठवडे त्यानं एका पैशाचाही विषय काढला नाही. नुसत्या गाड्या. कुठलं इंजिन कुठल्या शेडचं, लाँग हूड, म्हणजे डिझेल इंजिनाचं लांब नाक, पुढं असताना ड्रायव्हरला सिग्नल बघायला कसा त्रास होतो, बोर घाटात गाडीची दिशा उलटी करायचं जुनं रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ साली कसं बंद झालं. रात्री अकराला मेसेज यायचा, 'दादा, झोपलात?' आणि साडेबारापर्यंत आमचं चालायचं. बायको म्हणाली, एवढं माझ्याशी कधी बोलला नाहीत.

मग एका रात्री त्यानं चाळीस सेकंदांची क्लिप पाठवली. काळोख, पाऊस, आणि पाच डिझेल इंजिनं चढतायत. दिसत काहीच नाही, नुसता आवाज. 'गेल्या वर्षी आपणच काढली, सोनालियमला.' मी हेडफोन लावून ती दहा वेळा ऐकली. खरं तर मी तिथंच गेलो. पैसे नंतर गेले, एवढंच.

दुसऱ्या दिवशी योजना आली. तीन दिवसांचं घाट फोटोग्राफी शिबिर, २९ ते ३१ जुलै. सोनालियमजवळ मुक्काम, करंझोळपर्यंत (दोन्ही त्याच घाटातली स्टेशनं) 'परवानगीनं' चालत, आणि शेवटच्या दिवशी बँकरच्या कॅबमध्ये बसून कॅसल रॉकपर्यंत प्रवास. जागा फक्त आठ, त्यातल्या सहा भरलेल्या. माणशी ६,५०० रुपये. मी भाच्याला विचारलं; तो बारावी झालेला, माझ्याहून वेडा. दोघांचे १३,००० रुपये ६ जुलैला पाठवले.

आता इथं थांबून सांगतो. इंजिनाच्या कॅबमध्ये बाहेरच्या माणसाला बसवत नाहीत. मला हे माहीत होतं. मीच दहा जणांना हे ऐकवलं असेल. पण समोरचा इतका 'आपला' होता की मला वाटलं, याची ओळख असेल वरपर्यंत. ओळखीनं काहीही होतं यावर आपला फार विश्वास, आणि ते फसवणाऱ्याला आपल्याहून चांगलं ठाऊक असतं.

१८ जुलैला, सोमवारी सकाळी, परवानगीचं पत्र आलं. पीडीएफ. वर रेल्वेचं बोधचिन्ह, जावक क्रमांक, खाली हिरव्या शाईची सही, त्यावर जरा तिरका पडलेला गोल शिक्का. तो तिरका शिक्का पाहून तर मी निःशंक झालो. खोटं करणारा शिक्का सरळ मारेल असं मला वाटलं. आमची दोघांची नावं, आधार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, सगळं बरोबर. पत्रासोबत मागणी: परत मिळणारी अनामत, माणशी ५,०००. दिली. २१ तारखेला विमा, माणशी ७५०. दिला. २६ तारखेला जीएसटी राहिला म्हणाला, मूळ रकमेवर १८ टक्के, २,३४०. मी कॅल्क्युलेटर काढून तपासलं. हिशेब पैशाला पैसा बरोबर होता. बरोबर आहे म्हटल्यावर लगेच पाठवले! जीएसटी क्रमांक मागावा हे सुचलं नाही. चार वेळा पैसे गेले ते तीन वेगवेगळ्या नावांच्या खात्यांत. 'दादा, माझं लिमिट संपलंय, मेव्हण्याच्या नंबरवर टाका.' ऑफिसात असं व्हाउचर कुणी आणलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं.

२८ जुलैला दीप अमावास्या. बायकोनं कणकेचे दिवे केले होते, ते खाऊन आम्ही ठाण्याहून रात्रीची कोकणकन्या धरली. सकाळी मडगाव, तिथून कुळे. पाऊस असा की समोरचा माणूस दिसेना. स्टेशनवर आमच्यासारखेच चौघं उभे: दोन पुण्याचे, एक बेळगावचा, एक कोल्हापूरचा कॉलेजचा मुलगा. प्रत्येकाच्या पाठीवर कॅमेऱ्याची बॅग, प्रत्येकाच्या हातात तेच पत्र. एकमेकांकडं बघितलं आणि कुणी काही बोलायच्या आधीच सगळ्यांना कळलं. तरी सगळ्यांनी आळीपाळीनं फोन लावले. बंद. कोल्हापूरच्या मुलानं मित्राची लेन्स मागून आणली होती, तो ती उगाच पुसत बसला.

शेवटी वयानं मोठा म्हणून मी पत्र घेऊन आत गेलो. तिथल्या साहेबांनी ते एकदाच वाचलं. हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा कायम ऋणी आहे. बोट ठेवून एवढंच म्हणाले, हे मध्य रेल्वेचं लेटरहेड आहे, हा घाट आमच्याकडे, दक्षिण पश्चिम रेल्वे, हुबळी विभाग. पुढं म्हणाले, कागद घडी करून खिशात ठेवा आणि हे दाखवून रुळांवर उतरू नका, पकडले गेलात तर हा कागद तुमच्याच अंगाशी येईल.

कुळे हुबळी विभागात येतं हे मी झोपेत सांगू शकतो. मडगावला कोकण रेल्वे आणि दक्षिण पश्चिम कुठं भेटतात यावर मी ग्रुपवर भांडलोय. आणि हे पत्र माझ्या फोनमध्ये अकरा दिवस होतं. शिक्का पाहिला, सही पाहिली, आपली नावं दोनदा वाचली. मथळा वाचलाच नाही. पत्राची तारीखही १७ जुलै, रविवार. रविवारी जावक क्रमांक टाकून पत्र काढणारं सरकारी कार्यालय मला अजून भेटायचंय. शिवाय पावसाळ्यात दूधसागराच्या जीपसुद्धा बंद असतात, मग हा आम्हाला जंगलात राहायला कुठून नेणार होता, हा प्रश्न सहा जणांपैकी एकालाही पडला नव्हता.

फलाटावर परत आलो तेव्हा कोळशाची गाडी निघायच्या तयारीत होती. पुढं दोन, मागं तीन. मी बॅगेची चेनसुद्धा उघडली नाही. भाच्यानं मात्र फलाटावरूनच, पत्र्याखाली उभं राहून, फोनवर काढलं. शेवटचा बँकर गेल्यावर तो म्हणाला, "मामा, यासाठी पैसे भरायचेच नव्हते ना?"

तक्रार सोमवारी केली, १ ऑगस्टला, घरी परतल्यावर. ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा महाग. १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर आहे. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत फोन केला तर पुढच्या खात्यात रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. मी कुळ्याच्या फलाटावरून फोन केला असता तर शेवटचे २,३४० रुपये जाऊन तीनच दिवस झाले होते. पण चारचौघांत कसं बोलायचं, म्हणून गप्प बसलो. सोमवारपर्यंत सहा दिवस झाले. पहिल्या १३,००० ना तर सव्वीस. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट, ते पत्र, सगळं सायबर तक्रारीच्या पोर्टलवर चढवलं, बँकेत लेखी दिलं, पोलीस ठाण्यात जाऊन आलो. आजवर एक पैसा परत आलेला नाही. आमच्यातल्या पुण्याच्या एकानं त्याच्याशी झालेलं सगळं चॅट रागाच्या भरात पुसून टाकलं होतं, त्याची तर तक्रार लिहितानाच पंचाईत झाली. राग कितीही येऊ दे, चॅट पुसू नका.

कुणी म्हणेल, मग परवानगी काढायची तरी कशी? ज्या झोनची हद्द, त्या झोनच्या जनसंपर्क कार्यालयाला स्वतः लिहून विचारायचं. उत्तराला वेळ लागेल, नकारही येईल. मी आता नकार मिळाला की फलाटावर उभा राहतो. कसारा आणि इगतपुरीला फलाटावरून बँकर जोडताना-सोडताना निवांत दिसतात. दूधसागरासाठी गोवा एक्सप्रेसचं तिकीट काढा, खिडकीत बसा, गाडी धबधब्यासमोरून जाते. पुढच्याच वर्षी, जुलै २०२३ मध्ये, रुळांवरून दूधसागरला निघालेल्या लोकांना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या. त्याचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. मी ते घरात कुणी नसताना पाहिले.

त्या क्लिपचं मूळ मला दीड वर्षानं सापडलं. गोव्याच्या एका मुलाची होती, त्यानं कधीच टाकलेली. मूळ त्रेचाळीस सेकंदांची. शेवटच्या तीन सेकंदांत बँकरचा आवाज अगदी जवळ येतो आणि अंधारात एक पोरगं कोंकणीत ओरडतं, "आयली रे आयली!" आमच्या माणसानं नेमकं तेवढं कापलं होतं.

हे सगळं आता लिहायचं कारण असं की गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका ग्रुपवर जाहिरात आली. वेगळं नाव, वेगळा नंबर. या वेळी शिबिर थळ घाटात, कसाऱ्याच्या वर, माणशी ७,५००, जागा आठ, सहा भरलेल्या. सोबत रात्रीच्या पावसातली क्लिप, चाळीस सेकंदांची. नव्वद वर्षांहून अधिक काळ विजेवर चालणाऱ्या घाटात पाच डिझेल इंजिनं धडाडतायत आणि ओरडण्याच्या बरोबर आधी आवाज तुटतो. खाली चौघांनी विचारलं होतं, 'दादा, दोन जागा मिळतील का?'