आठ खरे कोअर की बारा थ्रेड?

बेळगावच्या उद्यमबागेत जॉबवर्क करणाऱ्या एका मित्राने दोन जुन्या कॉम्प्युटरचे फोटो पाठवले. खाली एकच ओळ, ‘कुठला घेऊ?’ एकात इंटेलचा कोअर आय७-९७००, दुसऱ्यात आय५-१०४००. भावात पाच-सातशेचा फरक. दुकानदार म्हणे, दुसराच घ्या. टास्क मॅनेजरमध्ये त्याच्या बारा चौकटी दिसतात, पहिल्याच्या आठच.

चौकटी दिसतात हे खरं. पण ९७०० मध्ये कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, आठ आहेत, १०४०० मध्ये सहाच. हायपर-थ्रेडिंग या इंटेलच्या तंत्रामुळे एकेक कोअर एकाच वेळी दोन थ्रेड, म्हणजे कामाचे दोन धागे, घेतो, म्हणून बारा.

मित्राला त्याच्याच शॉपमधलं उदाहरण दिलं. व्हीएमसीला (धातू कापणाऱ्या कॉम्प्युटर-चालित मशीनला) पॅलेट चेंजर, म्हणजे जॉब बांधायची दोन टेबलं आलटून-पालटून आत नेणारी सोय, असला की एका पॅलेटवर कटिंग चालू असताना दुसऱ्यावर जॉब बांधून होतो. कापणारा स्पिंडल मात्र एकच. बांधाबांधीत वेळ जात असेल तर फायदा भरपूर. एकच जॉब चार तास कापायचा असेल तर दुसरं पॅलेट नुसतं ताटकळतं. कोअरमध्येही एक थ्रेड मेमरीतून डेटा यायची वाट बघत थांबला की रिकामी पडलेली गणिती युनिटं दुसरा वापरतो. (फरक एवढाच, की इथे दोघांच्या सूचना एकाच क्षणी शेजारी-शेजारीही चालू शकतात.)

रेंडरिंगसारख्या (मॉडेलवरून चित्र तयार करण्यासारख्या) कामात यातून साधारण पंचवीस-तीस टक्के जास्त काम निघतं. सहाला तीस टक्के जोडा: ७.८. म्हणजे अगदी सोयीचं काम मिळालं तरी १०४०० आठाच्या जवळ येऊन थांबतो. त्यात ९७०० चा कमाल वेग ४.७ गिगाहर्ट्झ, १०४०० चा ४.३.

मित्राचं बरंचसं काम थ्री-डी मॉडेलचं. मॉडेल रिबिल्ड, म्हणजे बदलानंतर पुन्हा तयार, होताना बहुतेक वेळ एकच थ्रेड राबतो, तिथे वेगच उपयोगी. त्याची मुलगी इंजिनिअरिंगला आहे, तिची फायनाइट एलिमेंटची (वस्तू लहान तुकड्यांत मोडून तिच्यावरचा ताण वगैरे काढायची) गणितं तर याहून हट्टी. ती सोडवणारा प्रोग्रॅम, म्हणजे सॉल्व्हर, गणिती युनिटं आधीच भरून टाकतो. जादा थ्रेड कॅशेत (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या, वेगवान मेमरीत) गर्दी करतात आणि कधीकधी वेळ उलट वाढतो. थ्रेड खऱ्या कोअरइतकेच ठेवायचे. गेममध्ये सहा-आठ कोअर असले की हायपर-थ्रेडिंगचा फरक सहसा जाणवतही नाही.

१०४०० ची बाजू एवढीच: कोड कंपाइल करणं किंवा डेटाबेस चालवणं, जिथे थ्रेड सारखे मेमरीसाठी खोळंबतात, तिथे तो बराच जवळ येतो. शिवाय मदरबोर्डला झेपत असेल तर पुढे त्यावर दहा कोअरचा प्रोसेसर बसतो. ९७०० चा बोर्ड आठ कोअरच्या पुढे जात नाही.

गंमत म्हणजे २००२ मध्ये पेंटियम ४ वर मिरवलेलं हे तंत्र इंटेलनेच २०२४ च्या कोअर अल्ट्रा २०० एस डेस्कटॉप प्रोसेसरांतून काढून टाकलं.

खानापूरकडे लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांनी मात्र थ्रेड मोजण्याआधी नावाच्या शेवटी ‘एफ’ आहे का ते बघावं. असला तर आतलं ग्राफिक्स बंद, म्हणजे व्हिडिओ झपाट्याने एन्कोड करणारं क्विक सिंकही नाही. व्हिडिओ एक्स्पोर्टचा वेळ त्यावर जास्त ठरतो.

मित्राने ९७०० उचलला. एफ नसलेला.