निळी-पिवळी इपॉक्सी पुट्टी, आठ महिने वापरून: पट्टीतली मधली रेघ कापून टाकाच

परवा फोटो काढायला म्हणून माझी छोटी मॉडेल फिगर शेल्फवरून उचलली तर डावा हात खांद्यापासून निखळून टेबलावर पडला. रंगवून, मॅट वार्निश मारून झालेलं काम. "छान आहे, घ्या" एवढाच रिव्ह्यू लिहायचं मनात होतं, आता सविस्तर लिहितेय.

पुट्टी म्हणजे मॉडेलच्या फटी भरायची नि आकार घडवायची, मळली की हळूहळू कडक होणारी, पट्टीत येते ती, एका बाजूला निळी एका बाजूला पिवळी, मळली की हिरवी होते, सगळे तिला ग्रीन स्टफच म्हणतात. सम प्रमाणात मळायची, साधारण दीड तास काम करता येतं, पूर्ण कडक व्हायला एक दिवस द्यायचा, हे सगळं वापरणाऱ्यांना माहीतच आहे त्यामुळे त्यात शिरत नाही.

माझी फिगर १/२० स्केलची, चिलखती सूट घातलेला सैनिक. या सगळ्याचं वेड मला जपानी मॉडेलकार को योकोयामांच्या कामामुळे लागलं. १९८२ मध्ये हॉबी जपान मासिकात त्यांचे सूट यायला लागले, रणगाड्यांच्या नि विमानांच्या किटमधले सुटे भाग एकमेकांना जोडून बनवलेले, आणि अजूनही ते बघितले की खरंच कोणीतरी हे घालून चिखलातून चालत आलंय असं वाटतं. सांध्यांवर जाड कापडाचं आवरण असतं, ते मला फार आवडतं. किटमधला माझा सैनिक सरळसोट उभा होता, मला तो एका गुडघ्यावर बसून स्वतःच्या सूटची दुरुस्ती करताना हवा होता. म्हणून गुडघे, कंबर आणि दोन्ही खांदे बारीक करवतीने कापले, १ मिलिमीटरचा ड्रिल घेऊन पायात नि कंबरेत पितळी तार घातली, पोझ बसवली आणि मधे ज्या फटी राहिल्या तिथे पुट्टीने कापड घडवलं. पाठीवरच्या नळ्यांसाठी गिटारची जाड तार वापरली, गुंडाळलेली असते ना ती, वाकवली की हुबेहूब होजपाइप दिसतो.

आता ती रेघ. पट्टीत निळा नि पिवळा भाग एकमेकांना चिकटून असतात. पिवळा म्हणजे रेझिन, निळा म्हणजे हार्डनर. जिथे ते एकमेकांना टेकतात तिथे रिअ‍ॅक्शन पाकीट उघडायच्या आधीच होऊन गेलेली असते, म्हणजे मधोमध एक कडक हिरवट रेघ. ती तशीच मळली की बारीक कण राहतात, कितीही मळा विरघळत नाहीत. कापडाची घडी ओढताना सिलिकॉन टूलखाली असा एक कण आला की तो सबंध घडीभर ओरखडा काढत जातो, कण उपटला तर खड्डा, ठेवला तर पुरळ. पंचवीस मिनिटं बसून केलेली कोपराची घडी मी अशी तीनदा पुसलीये.

विक्रेत्याला मेसेज केला तर उत्तर आलं की मधला भाग कापून टाकायचा असतो, तशीच पद्धत आहे. मान्य, पद्धत आहे, पण टाकूनच द्यायचा माल वजनात का धरता? दोन भागांमधे फट ठेवलेली पट्टी किंवा दोन वेगळ्या कांड्या देणारे लोक आहेत, म्हणजे जमण्यासारखं आहे. पट्टीच्या रुंदीत जवळजवळ ३ मिलिमीटर कचऱ्यात जातात आणि त्याचे पैसे मी दिलेत. मला वस्तू वाया घालवणं जमतच नाही, ट्यूबमधला रंगसुद्धा मी कापून काढते, त्यामुळे दर वेळी ती रेघ फेकताना जीव खालीवर होतो.

आणि याच काटकसरीने घोळ केला, हे परवा कळलं.

निखळलेला खांदा उघडून बघितला तर आतली पुट्टी नखाने दाबली जात होती. आठ महिन्यांनी! आधी मला माल जुना निघाला असंच वाटलं, एक स्टार द्यायचं ठरवून अर्धं लिहूनही झालं होतं. मग आठवलं की त्या दिवशी अख्खी रेघ टाकायला नको म्हणून मी कडक झालेला थर ब्लेडने तासून काढला होता, आणि तासला तो निळ्याच बाजूने. म्हणजे हार्डनर कमी पडला. पिवळा जास्त झाला की पुट्टी चिकट नि लवचिक राहते, निळा जास्त झाला की टणक होते, हे मला माहीत होतं, पण तासताना प्रमाण बदलतंय हे डोक्यात आलं नाही. शिवाय हात हलका म्हणून खांद्यात तार घातलीच नव्हती. गुळगुळीत प्लॅस्टिकवर ही पुट्टी नुसती धरून राहत नाही, जागा आधी खरवडावी लागते आणि वजन तारेवरच द्यावं लागतं. ज्या सांध्यांत तार आहे ते सगळे आजही घट्ट आहेत. सो एक स्टारचं मी मागे घेतलं. रेघेवरचा राग मात्र कायम आहे.

पण कापड घडवायला या पुट्टीसारखं दुसरं काही नाही. मळल्यावर पंधरा-वीस मिनिटं तशीच ठेवा, चिकटपणा कमी होतो, मग टूल पाण्यात बुडवून घडी ओढली की ती ओढली तिथेच राहते. गुडघ्यामागच्या आडव्या सुरकुत्या बघून माझ्या बहिणीने विचारलं की खरं कापड चिकटवलंय का. हा आनंद कुठल्याही स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेला नसतो. चिलखताच्या धारदार कडांना मात्र वापरू नका, सँडपेपर लावला की घासली न जाता फाटल्यासारखी होते. तिथे मिलीपुट नावाची दुसरी इपॉक्सी पुट्टी घ्या, ती दगडासारखी होते, छान घासली जाते, ओल्या बोटाने गुळगुळीतही होते. दोन्ही एकत्र मळूनही चालतात, खांद्याच्या पट्ट्या मी तशाच केल्या.

हातमोजे घाला, प्लीज. न सुकलेल्या इपॉक्सीची अ‍ॅलर्जी हळूहळू जडू शकते आणि एकदा जडली की जात नाही. मोज्यांचा दुसरा फायदा रंगवताना कळतो. मी एका बाजूला नुसत्या बोटाने दाबलं होतं, हिरव्या रंगात काही दिसलं नाही, राखाडी प्रायमर मारला तरी फारसं नाही, पण तपकिरी वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग, दिला आणि मांडीवर माझ्या अंगठ्याचा अख्खा ठसा उमटला. १/२० च्या माणसाच्या मांडीवर! तो घासून परत भरण्यात एक रविवार गेला. व्हॅसलीन लावून काम करत असाल तर प्रायमरच्या आधी साबणाच्या पाण्याने धुवा, नाहीतर रंग सालपटासारखा निघतो.

रंगकामाचं थोडक्यात सांगते. राखाडी प्रायमरवर वरून पांढऱ्याचा हलका फवारा, म्हणजे उजेड कुठून पडतोय ते आधीच दिसतं. चिलखताला मळकट ऑलिव्ह, पातळ तीन हात. कापड मुद्दाम खाकी ठेवलं, दोन्ही पृष्ठभाग वेगळे वाटावेत म्हणून, आणि घड्यांच्या माथ्यावर फक्त दोनच हायलाइट. रंग उडाल्याच्या खुणा स्पंजच्या तुकड्याने गडद तपकिरी टिपून, प्रत्येक मोठ्या ओरखड्याच्या खालच्या कडेला फिकट रेघ, तेवढ्याने खोली येते. हेल्मेटची काच वर गडद, खाली उजळ आणि वरच्या गडद भागात पांढरा ठिपका, त्या एका ठिपक्यावर मी पंधरा मिनिटं घालवली आणि सार्थकी लागली.

उरलेली पुट्टी आता फ्रीझरमध्ये हवाबंद डब्यात असते, तिथे ती जास्त टिकते. पट्टी आणल्या आणल्या मी मधली रेघ दोन्हीकडून सारखी कापते आणि निळं-पिवळं वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवते, म्हणजे निदान नवीन रेघ तयार होत नाही. पुढच्या वेळी मात्र वेगळ्या कांड्याच घेणार. पट्टीला तीन स्टार, पुट्टीला पाच.

खांदा काल तार घालून परत बसवलाय, या वेळी दोन्ही रंग काट्यावर तोलून घेतले. आज नखाने दाबून बघितलं, अजिबात दबत नाही. उद्या प्रायमर. खाकी जुळवायला जरा अवघड जाणार आहे कारण ते मिश्रण मी कुठे लिहून ठेवलं नव्हतं, उजव्या हाताशेजारी धरून थेंब थेंब मिसळत बसावं लागेल.